चोरमाप

छापून आलेली चासी मिलिमीटररावांनी घरी आणली ती कोबीच्या गड्ड्याखाली लपवून. जिन्यात त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, कुलूप उघडण्याआधी शेजारच्या दाराकडे एक नजर टाकली, आणि आत आल्यावर आधी पडदे ओढून मग पिशवी टेबलावर ठेवली. चासी म्हणजे तळहाताएवढं निळ्या प्लास्टिकचं ताट. त्याला दोन मोटारी, दोन चाकं आणि पुढे नाकासारख्या आलेल्या पट्टीवर रेघ ओळखणारे सेन्सर बसवले, की ती गाडी पांढऱ्या जमिनीवरच्या काळ्या रेघेवरून आपली आपण धावते. एवढ्याशा खेळण्यासाठी एवढी लपवाछपवी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मिलिमीटररावांना जगात सगळ्यात जास्त संशय यायचा तो ह्या 'कुणालाही'चाच.

मिलिमीटरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते, आणि त्यांच्या नकाशात मिलिमीटरची चूक आजवर कुणाला सापडली नव्हती. शोधणाऱ्यांनी वैतागून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बायको मात्र त्यांना नुसतं 'अहो' म्हणे. ती कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. गाडीच्या तारा, सोल्डरिंग, प्रोग्राम हे सगळं तिचं. चासीचा आराखडा ह्यांचा. छंदमंडळाच्या वार्षिक शर्यतीत दोघांच्या जोडीनं उतरावं लागे, आणि ही जोडी चार वर्षं उतरत होती.

गेल्या वर्षी मात्र फजिती झाली होती. आपल्या गाडीला कुणी हात लावेल म्हणून मिलिमीटररावांनी तिच्या बॅटऱ्या काढून स्वतःच्या खिशात ठेवल्या, आणि नाव पुकारलं तेव्हा ते सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्ध्यांच्या गाडीवर नजर ठेवून उभे होते. आपली गाडी रेघेवर ढिम्म. घराच्या दाराशी आल्यावर बायको म्हणाली, "ऐका. पुढच्या खेपेला तुमचा संशय एकदा जरी मध्ये आला ना, तर त्याच्या पुढच्या वर्षी मी धाकटीबरोबर उतरणार. अर्जावर तिचं नि माझं नाव. तुम्ही बसा प्रेक्षकांत."

धाकटी म्हणजे तिची बहीण. ती आणि तिचा नवरा, म्हणजे मिलिमीटररावांचे साडू, पेशानं दातांचे डॉक्टर. ही जोडी तीन वर्षं सलग पहिली येत होती.

मिलिमीटररावांनी ते मनाला लावून घेतलं. सव्वीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून करायची म्हणून केलेली ही एकच गोष्ट होती. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बायको डोळ्याला भिंग लावून बसे, हे शेजारी पेन्सिल घेऊन बसत, आणि तास-दोन तास कुणी कुणाला 'नंतर बोलू' म्हणत नसे. ती शेजारची खुर्ची त्यांना गमवायची नव्हती. म्हणून त्यांनी संशय कायमचा सोडायचा निश्चय केला. निश्चय चांगला टिकला. मग चासी छापायला टाकायची वेळ आली.

अडचण अशी, की प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू छापून देणारं दुकान त्या भागात एकच होतं आणि साडूही तिथंच छापून घेत. शिवाय प्रिंटरवाला कमी बोलणारा. कमी बोलणारा माणूस म्हणजे ऐकून घेणारा माणूस, आणि ऐकून घेतलेलं कुठंतरी पोचणारच, असा मिलिमीटररावांचा हिशेब. तेव्हा त्यांना त्यांच्या जुन्या मुख्य ड्राफ्ट्समननं शिकवलेली युक्ती आठवली. ऑफिसातून नकाशे चोरीला जायचे तेव्हा बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नकाशात एक माप मुद्दाम चुकीचं घालत. आपल्याला ते ठाऊक असतं, चोराला नसतं. चोराची लिफ्ट अडकली, की चोर सापडला. ह्याला ऑफिसात 'चोरमाप' म्हणत.

गाडीचं नाक चाकांच्या आसापासून सत्तर मिलिमीटर हवं, हे बायकोनं पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून, आठ दिवस चाचण्या घेऊन ठरवलं होतं. मिलिमीटररावांनी खरा आराखडा पासवर्डखाली बंद केला, त्याची एक प्रत काढली, प्रतीत सत्तरचे नव्वद केले आणि ती 'चासी अंतिम' नावानं घरच्या कम्प्युटरवर ठेवली. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी ती प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, पेन ड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटाला चिकटपट्टी लावली आणि चिकटपट्टीवर सही केली. छापून आली की जास्तीचे वीस मिलिमीटर कापून टाकायचे, झालं.

तर त्या शनिवारी दुपारी, बायको कॉलेजात असताना, त्यांनी कोबी बाजूला सारून चासी काढली, गॅलरीत नेली आणि लहान करवतीनं नाकाचे वीस मिलिमीटर उडवले. कापण्याआधी मापलं नाही. मापायचं कशाला? माप त्यांना पाठ होतं. टोक पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केलं.

संध्याकाळी बायकोनं मोटारी, तारा, सेन्सर बसवले आणि जेवणघरात पसरलेल्या पांढऱ्या कापडावर, काळ्या पट्टीच्या रेघेवर गाडी सोडली. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, झिंगल्यासारखी भेलकांडली आणि फ्रिजखाली जाऊन पडली.

"अहो, हे नाक आखूड आहे."

"शक्यच नाही." मिलिमीटररावांनी कॅलिपर लावलं. पन्नास. पुन्हा लावलं. पन्नासच. सत्तर उरायला हवेत आणि उरले पन्नास, म्हणजे दुकानातून आली तेव्हाच चासी सत्तरची होती. म्हणजे कुणीतरी चोरमाप ओळखलं होतं आणि खरं माप घातलं होतं!

बायकोनं नाकाच्या टोकावरून नख फिरवलं. "हे कापलंय कुणीतरी. दुपारी घरात तुम्ही होतात ना?"

"मी झोपलो होतो."

बायको गॅलरीत जाऊन आली. तिच्या तळहातावर निळा भुसा होता. "आणि हे?"

"मला काय माहीत? कबुतरांनी आणलं असेल."

एरवी बायकोनं ह्यावर त्यांना फाडून खाल्लं असतं. आज तिनं नुसतं बघितलं. "करवत हातात घेतल्याचं काहीच आठवत नाही तुम्हाला?"

"काहीच नाही," मिलिमीटरराव ठासून म्हणाले.

"बरं, असू दे," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही बसा. मी चहा करते."

मिलिमीटररावांच्या मनात पाल चुकचुकली. वादात जिंकत आलेली बायको सव्वीस वर्षांत कधी चहा करायला उठली नव्हती.

रविवारी सकाळी धाकटी आणि साडू अचानक आले. 'सहजच' म्हणाले. शर्यत आठवड्यावर आलेली असताना प्रतिस्पर्धी सहज येत नसतात. साडू समोरच्या खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "काय मिलिमीटरराव, आज तारीख काय हो?"

साडूंच्या मनगटावर तारीख दाखवणारं घड्याळ होतं आणि पाठीमागं भिंतीवर कॅलेंडर. हा माणूस तारखेच्या नावाखाली तयारी कुठवर आली ते काढून घेतोय, हे मिलिमीटररावांनी तत्काळ ताडलं. अशा माणसाला खरं काही सांगायचंच नाही.

"तारीख?" ते छताकडे बघत म्हणाले. "महिना तरी कुठला चालू आहे?"

साडूंनी धाकटीकडे पाहिलं. "काल संध्याकाळी काय केलंत?"

आले मुद्द्यावर! "काल? काही आठवत नाही बुवा."

"बरं. मी तीन शब्द सांगतो. दिवा, खुर्ची, पाणी. पाच मिनिटांनी विचारीन."

पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं. "कसले शब्द?" मिलिमीटरराव निरागसपणे म्हणाले, आणि हेराला बनवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. धाकटी रुमालानं नाक पुसत स्वयंपाकघरात गेली. साडूंना पुढं काय तपासावं हे सुचेना. शेवटी म्हणाले, "जरा आ करा." त्यांनी मोबाइलच्या उजेडात दोन्ही बाजूंच्या दाढा निरखल्या. "दात मात्र ठणठणीत आहेत."

निघताना साडूंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "शर्यतीचं मनावर घेऊ नका. हरण्याजिंकण्यात काय आहे?" तीन वर्षं जिंकणारा माणूस असं म्हणतो, म्हणजे चौथ्या वर्षाचाही बंदोबस्त झालेला आहे. मिलिमीटररावांनी दार लावून दोन्ही कड्या घातल्या.

सोमवारी ऑफिसातून ते थेट दुकानात गेले.

"माझ्या फाइलला हात कुणी लावला?"

"मशीननं," प्रिंटरवाला म्हणाला.

"मशीनला कुणी सांगितलं?"

"फाइलनं."

"ते काळं काय झाकून ठेवलंय?"

"दुसऱ्याचं काम."

"कुणाचं?"

"उद्या तुमचं कुणी विचारलं तर सांगू का?"

"म्हणजे कुणी विचारलं होतं?"

प्रिंटरवाल्यानं मशीनचा पंखा मोठा केला. त्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं.

ह्या माणसाचा छडा लावायचा ह्या निर्धारानं मिलिमीटररावांनी त्याच संध्याकाळी खऱ्या आराखड्याची नवी प्रत काढली. ह्या वेळी नाक बरोबर ठेवलं आणि डावं चाक चार मिलिमीटर पुढं सरकवलं. अशी गाडी सरळ रेघेवरही गोल गोल फिरली असती. बुधवारी त्यांनी रजा टाकली, ती प्रत घेऊन दुकानात गेले, मशीनसमोर स्टूल ओढलं आणि चार तास तिथून हलले नाहीत. मशीनचं तोंड इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होतं आणि मिलिमीटररावांची मान त्याच्याबरोबर. प्रिंटरवाल्यानं फाइल उघडली नाही, बदलली नाही, एकदा जांभई दिली तेवढीच. चासी निघाली तशी त्यांनी गरमागरम असतानाच कॅलिपर लावलं.

दोन्ही चाकं समोरासमोर. चार मिलिमीटर गायब.

प्रिंटरवाला सुटला. मग उरलं कोण? घरी येऊन त्यांनी कम्प्युटरवर त्या फाइलची नोंद पाहिली. शेवटचा बदल मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. मंगळवारी आणि गुरुवारी बायको कॉलेजातून दोनलाच परत येते. त्या वेळी घरात दोघंच होती, बायको आणि फ्रिज.

परक्यावर संशय घेताना माणसाला एक प्रकारची हुशारी येते. घरच्या माणसावर आला की ती हुशारी पार आटते. पण मन थांबेना. बायको फाइल दुरुस्त करते आणि सांगत नाही, म्हणजे तिला खरी मापं कुणासाठी तरी हवीत. कुणासाठी? पुढच्या वर्षी ती कुणाबरोबर उतरणार आहे? त्या संध्याकाळी ती गॅलरीत फोनवर हळू बोलत होती. पाणी प्यायच्या निमित्तानं ते दाराशी गेले, तर कानावर पडलं, "...त्यांना कळू देऊ नकोस गं."

आता पुरावा हवा होता. मिलिमीटररावांनी एक जादा चासी लागेल असं जाहीर केलं, तिसरी प्रत काढली आणि तिच्यात बॅटरीचा कप्पा सहा मिलिमीटर अरुंद केला. गुरुवारी सकाळी डबा घेऊन नेहमीसारखे ऑफिसला निघाले, अर्ध्या दिवसाची रजा घेतली, एकला घरी परतले, चपला हातात घेऊन आत शिरले आणि झोपायच्या खोलीच्या दारामागं उभे राहिले. दाराच्या फटीतून कम्प्युटर नीट दिसत होता.

दोनला बायको आली. हातपाय धुतले, चहा घेतला. तीनला कम्प्युटर लावला, फोन स्पीकरवर ठेवून शेजारी उभा केला आणि फाइल उघडली.

"धाकटे, आज पुन्हा," ती म्हणाली. "बॅटरीचा कप्पा सहा मिलिमीटर कमी."

"अगंबाई!" फोनमधून धाकटीचा आवाज आला. दवाखान्याच्या काउंटरवर ती दुपारी मोकळीच असे. "म्हणजे वाढतच चाललंय की."

"पहिल्यांदा वीस, मग चार, आता सहा. ज्या माणसाची अठ्ठावीस वर्षांत एक चूक निघाली नाही, त्याची! वीस मी गुपचूप दुरुस्त केले, तर छापून आलेलं नाक स्वतः करवतीनं कापलं आणि विसरले. कबुतरं म्हणाले."

"आमच्यासमोर महिना आठवेना त्यांना. हे म्हणतात, मोठ्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं."

"शर्यत होऊ दे गं. आत्ता कळलं तर खचून जातील. मिलिमीटर म्हणून मिरवलेला माणूस तो. मी आहे ना, चुका काढून टाकीन. त्यांना काही कळणार नाही."

"आणि ताई, पुढच्या वर्षी आपण दोघी उतरणार होतो ते?"

"आता कसलं येतेय मी?" बायको म्हणाली. "अशा वेळी ह्यांना सोडून कुठं जाऊ?"

आपण ह्या बाईवर पाळत ठेवली, ह्याची दारामागं मिलिमीटररावांना इतकी लाज वाटली, की बाहेर जाऊन सगळं कबूल करावं असं वाटून त्यांनी पाऊल टाकलं सुद्धा. मग शेवटलं वाक्य त्यांच्या डोक्यात नीट शिरलं. सोडून कुठं जाऊ! म्हणजे डोकं ठिकाणावर असल्याचं सांगितलं, तर संशय घेतला हे आलंच, आणि मग शेजारची खुर्ची गेली. डोकं फिरलं असेल, तर खुर्ची जन्मभर आपली. हा विचार चालू असताना टाकलेलं पाऊल मागं घ्यायचं राहून गेलं आणि दार करकरलं.

बायको दचकून वळली. "अहो! तुम्ही? ऑफिसला गेला नाहीत?"

चपला अजून हातातच होत्या. मिलिमीटररावांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"आज रविवार ना?" ते म्हणाले.

बायकोचे डोळे भरले. तिनं उठून त्यांच्या हातातल्या चपला काढून घेतल्या, त्यांना हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावरून हात फिरवला. "हो हो, रविवारच आहे. बसा तुम्ही निवांत. मी एवढं संपवते."

मिलिमीटररावांना फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही वाटत होतं. तिच्या शेजारी बसून ते पडद्याकडे बघत राहिले. बायकोनं डोळे पुसत पुसत कप्प्याचं माप खोडलं आणि नवं घातलं. साडेएक्कावन्न.

मिलिमीटररावांनी मान खिडकीकडे वळवली. साडेएक्कावन्न. ही जादाची चासी, वापरायचीही नाही. त्यांनी डोळे मिटले. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, काहीच नाही. बायको फाइल जतन करण्याच्या बेतात होती. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"एक्कावन्न," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "साडेएक्कावन्न केलंस तर बॅटरी खुळखुळेल. बॅटरी पन्नास पूर्णांक सहा आहे, वर चार दशांश मोकळीक. मी एकवीस तारखेला मापली होती, शुक्रवारी."

बायकोचा हात थांबला.

"मघाशी वार कोणता म्हणालात?" तिनं सावकाश विचारलं.

मिलिमीटररावांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "गुरुवार," ते म्हणाले.

मग सगळंच बाहेर आलं. चोरमाप, पाकीट, चिकटपट्टीवरची सही, करवत, साडूंना दिलेली उत्तरं, दारामागचे दोन तास. सांगून झाल्यावर तिनं चेहरा ओंजळीत झाकला. ती रडतेय की काय म्हणून मिलिमीटरराव घाबरून वाकले, तर ती हसत होती आणि रडतही होती.

"धाकटे," ती फोनकडे वळून म्हणाली, "ह्यांना काहीसुद्धा झालेलं नाही गं. जसे होते तस्सेच आहेत." तिनं लांब श्वास सोडला, चष्मा पुसला, आणि आवाज एकदम कोरडा झाला. "पुढच्या वर्षीच्या अर्जावर माझं नाव तुझ्याबरोबर घाल."

"घालते. पण मग भाऊजींचं काय?"

"त्यांना आहेत की जोडीदार. तुझे डॉक्टर मोकळे होतायत ना?"

फोनमध्ये काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज झाला. साडू तिथंच उभे असावेत. मग ते म्हणाले, "चालेल. म्हणजे, चालवून घेऊ. पण मापं सगळी मी घेणार. फाइल माझ्या कम्प्युटरवर राहील. पासवर्डही माझाच."

मिलिमीटररावांनी दुखावून मान वर केली. "का? तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

बायकोनं फोन बंद केला, साडेएक्कावन्नचे एक्कावन्न केले आणि उठायला निघालेल्या नवऱ्याचा हात धरून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं.

"निघालात कुठं?" ती म्हणाली. "रविवारपर्यंत जोडीदार माझेच आहात."

मिलिमीटरराव बसले आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली.